गाठ मारलेलं गवत

माझ्या खोलीला एकच पायरी आहे. त्या पायरीवर जवळजवळ दोन वर्षं कोणी बसलं नाही, आणि चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही स्वतःची बाजू मांडली तरी वाचणाऱ्याने फसू नये. बाजू मांडायची सवय आहे मला. मास्तरणीला असतेच.

मी मूळची पवनीची. आमचं घर मागवाल्यांचं. वडील लुगडी विणायचे, आई कांड्या भरायची, आणि मी त्या खटखट आवाजात अभ्यास करून डी.एड. झाले. नोकरीची बरीच वर्षं घरून जाऊन-येऊन झाली. मग बदली झाली ती अड्याळच्या पलीकडच्या एका लहानशा गावात. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, चाळीसेक पोरं. मुख्याध्यापक भंडाऱ्याहून मोटारसायकलनं येतात आणि पाच वाजले की हेल्मेट घालतात. मी मात्र गावातच खोली केली. आई त्याच वर्षी गेली होती, वडील त्याआधीच. भाऊ नागपूरला त्याच्या संसारात. पवनीच्या घराला कुलूप लावलं. रोज बसनं जाऊन-येऊन करायचं ते कुणासाठी, असं वाटलं.

लग्न मी केलं नाही. गावातल्या बायांनी आठ दिवसांत विचारलंच, काहून नाही केलं म्हणून. मी म्हटलं, वेळ नाही मिळाला. माझा स्वभाव तापट, बोलणं तोडून टाकणारं. त्या हसल्या, आणि मग त्यांनी विचारणंही सोडलं आणि येणंही.

आली फक्त मावशी. माझी सख्खी मावशी नव्हे. शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई, साठीच्या आतबाहेरची, नवरा नसलेली. तलावात मासे धरणाऱ्यांच्या घरातली. तिचं घर माझ्या खोलीपासून चौथं. मुलांना जेवण वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकानं ते चाखून बघायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. मावशी रोज एका ताटलीत खिचडी घेऊन वर्गाच्या दारात यायची, ताटली माझ्यासमोर ठेवायची, पदराला हात पुसत उभी राहायची आणि विचारायची, कसं झालं? नोंदवहीत मी दररोज 'उत्तम' लिहायची आणि तोंडानं दररोज काहीतरी खोड काढायची. मीठ कमी आहे, डाळ बोटचेपी नाही झाली. ती म्हणायची, पवनीचे लोक मीठ खाऊन खाऊनच असे खारट झाले. पोरं खिदळायची. दिवसातला तेवढा वेळ मला वाटायचं, आपल्याशी कोणीतरी भांडतंय, म्हणजे आपण आहोत.

संध्याकाळी ती माझ्या पायरीवर येऊन बसायची. आत कधी आली नाही. मी दाराच्या आतल्या बाजूला बसून भाजी चिरायची, ती बाहेर तोंड करून बसायची. बोलणं काही मोठं नसायचं. तलावात पाणी किती उरलं, कोणाची म्हैस कोणाच्या धानाच्या बांधीत शिरली, कोणाच्या घरी पाहुणे आले. एकदा, अगदी सुरुवातीला, तिनं पाठमोरीच विचारलं, रात्री दार लावल्यावर तुमाले भेव नाई वाटत का? मी म्हटलं, "नाही. मला सवय आहे." असं पुस्तकी मराठीत, शाळेत बोलते तसं. ती म्हणाली, मले वाटते बाप्पा. मग उठून गेली. आपण खरं का नाही बोललो, हा विचार त्या दिवशी मी भाजीबरोबर चिरून टाकला.

आता परिसर अभ्यासाबद्दल. हा विषय मला आवडतो आणि मी तो चांगला शिकवते, असं माझं मत होतं. ओला कचरा, सुका कचरा मी पोरांच्या अंगवळणी पाडला. झाकण ठेवलेल्या पातेल्याला सुटलेलं पाणी दाखवून पाऊस शिकवला. गोळ्या-बिस्किटांचे कागद शाळेच्या आवारात टाकायची कोणाची छाती नव्हती. पण खरं सांगायचं तर मला परिसर पुस्तकातलाच येत होता. सूत बोटांत धरलं की ते कुठल्या जाडीचं हे मी डोळे मिटून सांगेन, पण गवत म्हणजे माझ्या लेखी गवत. हिरवं असतं, गायी खातात, संपलं.

शाळेच्या मागे जुना तलाव आहे. त्याच्या पाळीवर मोहाची झाडं आहेत. एका वर्षी दोन ऑक्टोबरच्या आधी स्वच्छतेचं पत्रक आलं. उपक्रम घ्या, उपक्रमापूर्वीचा आणि उपक्रमानंतरचा फोटो ग्रुपवर टाका. मी ठरवलं, झाडू घेऊन अंगण झाडायचा फोटो सगळेच टाकतात, आपण तलाव साफ करू. चौथीच्या पुस्तकात तलावाचं चित्र होतं. निळं पाणी, दोन कमळं, काठ कसा पुसून घेतल्यासारखा. आमच्या तलावात एका बाजूला बेशरमची झुडपं माजली होती, प्लॅस्टिक होतं, विसर्जनाचे हार कुजत होते, आणि काठाकाठानं कमरेएवढं गवत उभं होतं. लांब लांब केसांसारखी लालसर कुसं असलेलं. मी म्हटलं, हे सगळं निघालं पाहिजे. गावातल्या एकदोन शेतकऱ्यांना विचारलं तर ते खूशच झाले. म्हणाले, ते गवत पाण्यासंगं आमच्या धानात येते, काढा काढा.

मावशी तेव्हा गावात नव्हती. मुलीचं बाळंतपण होतं, ती लाखांदूरकडे गेली होती. ती असती तर मी तिला विचारलं असतं का? नसतं विचारलं. तिला बोलावून फोटोत उभं केलं असतं.

सकाळी सात वाजता आम्ही लागलो. मोठी माणसं बेशरम तोडत होती, आणि पोरं काठच्या घोटाभर पाण्यात ओळीनं उभं राहून गवत उपटत होती. चिखल मऊ, मुळं सुटत होती, पोरांना मजा येत होती. चौथीतली एक मुलगी मात्र नुसती उभी होती. दुसऱ्या रांगेत बसणारी, दोन वेण्यांची, विचारल्याशिवाय न बोलणारी. मी पाळीवरून ओरडले, काय झालं, हात दुखतात का? ती म्हणाली, "म्याडम, ह्या मावशीच्या गाठी होत."

मी खाली उतरून पाहिलं. गवताच्या पाचसहा काड्या एकत्र धरून, त्यांच्याच शेंड्यांनी त्यांना गाठ मारलेली होती. एक नव्हे, वीस-पंचवीस ठिकाणी. मला वाटलं, पोरांचाच खेळ, नाहीतर जाळं टाकायची काही खूण. उन्हं वर येत होती, फोटो राहिला होता, डोकं तापलं होतं.

"तलाव सगळ्यांचा असतो," मी म्हटलं. "तलावात कोणाच्या गाठी नसतात. ओढ."

तिनं ओढलं. मी सांगितलं म्हणून तिनं ओढलं.

दहा वाजेपर्यंत काठ लख्ख झाला. पाळीवर ओल्या गवताचा ढीग पडला. पोरं ढिगासमोर उभी राहिली, मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची, फुलांची रांग लागली. केंद्रप्रमुखांचा स्वतःहून फोन आला. पुढे तालुक्याला सभा झाली, तिथे शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मला मंचावर बोलावून दिलं. वीस वर्षांत मला कोणी मंचावर बोलावलं नव्हतं. मी आनंदात होते, लपवत नाही. परत येताना अड्याळला उतरून पावशेर पेढे घेतले. खोलीत आल्यावर लक्षात आलं की ते द्यायला कोणी नाही. मावशी परत येऊन तेव्हा चार दिवस झाले होते, आणि ती माझ्या पायरीकडे फिरकली नव्हती.

ती आल्या दिवशी मी वाट पाहिली होती. चहा दोघींचा टाकला होता. नातू झाला की नात, हे विचारायचं होतं, आणि तलाव कसा केला तेही दाखवायचं होतं. दिवेलागण झाली, अंधार पडला, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत ताटली माझ्यासमोर ठेवली आणि वळली. कसं झालं, हे विचारलंच नाही. मी मुद्दाम म्हटलं, मीठ जास्त पडलं. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी मीठ कमी होतं.

त्या 'बरं'नं मला जे लागलं ते कोणी शिवी दिली असती तर लागलं नसतं. मी विचारलं, मुलगी बरी आहे का? बरी हाय. बाळ? बरं हाय. मग माझ्याही डोक्यात राख शिरली. म्हटलं, हिला गरज नाही तर मला कुठे आहे. तीन आठवडे मीही कामापलीकडे एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी दार लोटून घ्यायची. मोबाइलवर काहीतरी लावून ठेवायची, कोण काय बोलतंय याकडे लक्ष नसायचं, नुसता माणसाचा आवाज हवा म्हणून. एका माणसाची भाजी चिरायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते. पायरीवर एक कुत्रा येऊन बसायला लागला. मी त्याला हाकललं नाही.

दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा झाली. परिसर अभ्यासाच्या तोंडी-लेखी चाचणीत एक प्रश्न मी स्वतः घातला होता. 'आपण तलाव स्वच्छ केला. त्यामुळे काय झाले? दोन वाक्ये लिहा.' उत्तर मी आधीच वर्गात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्या पेपरांत तेच. पाणी स्वच्छ झाले, रोगराई कमी झाली. मी खोलीत बसून बरोबरच्या खुणा करत सुटले होते. त्या दोन वेण्यांच्या मुलीचा पेपर आला. पहिलं वाक्य बरोबर. दुसरं वाक्य वेगळं दिसलं म्हणून हातानं सवयीनं त्यावर लाल रेघ ओढली, अर्धा गुण कापला, आणि मग डोळ्यांनी वाचलं.

'तलाव स्वच्छ झाला. मावशीचे देवधान गेले.'

देवधान! हा शब्द मला काय नवा होता? दर ऋषिपंचमीला आमच्या घरी देवधानाचा भात व्हायचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं, नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही, आणि देवधान कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. ते आपोआप येतं, म्हणून देवाचं. पंचमीच्या आठवड्यात पवनीच्या बाजारात एकदोन बाया टोपलीत ते घेऊन बसायच्या. आई टरफलासकट घ्यायची, आदल्या दिवशी कांडायची. लालसर, जाडसर दाणे, आणि भाताला पाण्याचा एक वास. मी तो जन्मभर खाल्ला. ते येतं कुठून, हे एकदाही विचारलं नाही. कुठल्याशा जंगलात होत असेल, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि परिसर अभ्यास शिकवत होते मी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला जवळ बोलावून विचारलं. ती आधी घाबरली, मग सांगायला लागली. देवधानाचा दाणा पिकला की धक्का लागताच पाण्यात झडून जातो. म्हणून पिकायच्या आधीच त्याला गाठी मारून ठेवतात. ज्याची गाठ त्याचं धान. दुसऱ्याच्या गाठीला गावात कोणी हात लावत नाही, भांडण असलं तरी लावत नाही. मावशी दर वर्षी गाठी मारते, दिवाळीच्या सुमारास पहाटे दव असताना सुपात झाडून घेते, आणि पुढच्या पंचमीपर्यंत जपून ठेवते. हे सगळं तिला ठाऊक होतं. वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांनी माझं ऐकलं.

मी विणकराच्या घरात जन्मले. ताण्यातला धागा तुटला की तो कसा सांधायचा ते मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. गाठ दिसली की ती मारणारं कोणीतरी असतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेले. ती अंगणात जाळ्याचे तुटके डोळे विणत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मले मालूम नव्हतं, मावशी. पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. तिनं बसायला पोतं टाकलं. मी म्हटलं, रागावली असशील तर दोन शिव्या दे, पण बोल. ती सुई खाली न ठेवता म्हणाली, "मी कायले राग धरू, म्याडम? शाळेत सांगतलं का कचरा होय, तं कचराच असंल. आता पोरं मलेच सांगून राहिली, मावशी, तो कचरा नोको आणत जाऊ घरी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. तिचं खरोखरच तसं झालं होतं. आयुष्यभर देवाचं म्हणून जे गोळा केलं, ते कचरा होतं की काय, अशी शंका मी तिच्या मनात घातली होती, आणि ती मला विचारत होती. मी घरी आले आणि रडले.

दिवाळीच्या सुट्ट्यांआधी मी फळ्यावर लिहिलं, 'देवधान कचरा नाही. माझी चूक झाली.' पोरांना बाईची चूक ही फार मोठी मौज वाटली. दोन वेण्यांची मुलगी मान खाली घालून वहीत उतरवून घेत होती. तिचा अर्धा गुण मी परत दिला. लाल रेघ काही पुसता येईना. प्रशस्तिपत्र कचेरीच्या भिंतीवरून काढावं म्हणून मुख्याध्यापकांना म्हटलं, तर ते म्हणाले, राहू द्या मॅडम, शाळेचं आहे ते. अजून तिथेच आहे.

सुट्टीत पवनीला गेले. घर उघडलं. मागाच्या खड्ड्यात कोळ्यांनी जाळी केली होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आईचे डबे उघडायला लागले. तिसऱ्या फळीवर, मागच्या बाजूला, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं ते मिळालं. दोन ओंजळी असेल. आई तिच्या शेवटच्या पंचमीला जास्तीचं घेऊन बसली होती, पुढच्या वर्षीचं आत्ताच असू दे म्हणून. चिंधीला गाठ होती, आईची, मागावरची, ओढली की आणखी घट्ट होणारी. कात्री हाताशी होती. कापवेना. सुईच्या टोकानं उकलत बसले. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. त्या घरात मी एकटी, आणि आईनं बांधलेली शेवटची गाठ सोडवत होते.

दाणे बघून झाल्यावर चिंधी पुन्हा बांधली आणि गावात परत येताच मावशीला नेऊन दिली. तिनं एक दाणा दातानं फोडून पाहिला. जुनं हाय, म्हणाली. चिखलात टाकलं तं निंगन का नाई निंगन, सांगता येत नाई. मग चिंधी आत नेऊन ठेवली. मला वाटलं होतं, आता ती संध्याकाळी येईल. आली नाही. खिचडीची ताटली ठेवायची आणि वळायची, हे तसंच चालू राहिलं. मी रोज 'उत्तम' लिहीत राहिले. आता तोंडानंही उत्तमच म्हणत होते, आणि त्यात काही चव नव्हती.

उन्हाळ्यात तलावाचा काठ उघडा पडला. मृगाच्या आधी एका सकाळी मी पाळीवर फिरायला गेले, तर मावशी खाली ओलसर चिखलात चालत होती आणि कडेनं दाणे टाकत होती. तिनं मला पाहिलं. हाक मारली नाही. मी मोहाखाली उभी राहिले, आईचं धान चिखलात जाताना पाहत. संपल्यावर तिनं रिकामी चिंधी झटकली, घडी घातली, माझ्यापासून दहा पावलांवरच्या दगडावर ठेवली आणि घराकडे गेली. खाली उतरून मदत करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या पावसाळ्यात गवत आलं. विरळ, पण आलं. त्यातलं आईच्या दाण्यांचं कोणतं आणि चिखलात आधीपासून पडून राहिलेल्यांचं कोणतं, कोण सांगणार? मला तर ते धानासारखंच दिसत होतं. पोरांना पाळीवर नेलं आणि यातलं देवधान कोणतं ते मला दाखवा म्हटलं. पहिलीतल्या पोरीनंही दाखवलं. मी वहीत चित्र काढून घेतलं, त्यांच्याकडून तपासून घेतलं. ऑक्टोबरात पुन्हा पत्रक आलं. मी 'तलाव निरीक्षण' असा उपक्रम लिहून फोटो टाकला. केंद्रप्रमुखांनी विचारलं, मॅडम, उपक्रमानंतरचा फोटो कुठाय? मी म्हटलं, सर, आधीचा आणि नंतरचा एकच आहे. त्या वर्षी प्रशस्तिपत्र काही आलं नाही.

त्याच आठवड्यात मावशीनं गाठी मारल्या. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते. आठ-दहाच झाल्या असतील. संध्याकाळी पाळीवर गेले तर मागून सायकलची घंटी वाजली. ती दोन वेण्यांची मुलगी, आता पाचवीत, अड्याळच्या शाळेतून परत येत होती. सायकल उभी करून तिनं हात लांब केला आणि म्हणाली, "म्याडम, तो कोपऱ्यातला झुपका मावशीनं सोडला. तुमचा होय."

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? मावशीनंच, ती म्हणाली, आणि सायकलवर बसून गेली. त्या मुलीची माफी मी अजून मागितलेली नाही. मागायला हवी.

मी चपला पाळीवर काढल्या, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरले. पाच काड्या एकत्र धरल्या. बोटांनी आपसूक आमच्या मागावरची गाठ मारली. दिवाळीला पहाटे उठून ताटात झाडून घेतलं, तर सगळं मिळून मूठभर निघालं. आईच्या चिंधीत बांधून ठेवलं.

गेल्या ऋषिपंचमीला ते खलबत्त्यात हलक्या हातानं कांडलं, टरफल फुंकून काढलं आणि शिजवलं. वाटीभर भात झाला. मी काही फार उपास-तापास करणारी नाही. पण ताटलीत वाढला, वर झाकण घातलं आणि चौथ्या घरी गेले. मावशी चुलीपुढे बसली होती. मी ताटली तिच्यासमोर ठेवली. पदराला हात पुसले.

"कसं झालं?" मी विचारलं.

तिनं एक घास घेतला. मग दुसरा घेतला. म्हणाली, कच्चं हाय, पाणी कमी टाकलं. पवनीवाल्यायले साधा भात बी येत नाई. आणि उरलेला सगळा खाऊन, ताटली धुऊन माझ्या हातात दिली.

खोलीवर येऊन मी पायरी झाडली, कुत्र्याला उठवलं. आशा धरायची नाही असं स्वतःला बजावत भाजी चिरायला घेतली. दिवेलागणीला ती आली. नेहमीच्या जागी, बाहेर तोंड करून बसली. तलावात पाणी बरं आहे म्हणाली. मुलीचं पोरगं आता बोलायला लागलं म्हणाली. मी सुरी खाली ठेवली.

"मावशी," मी म्हटलं, "रात्री दार लावलं का मले भेव वाटते."

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.